नामदेवरावांचा अंगठा

मी मुळातच घाबरट बाई. घरून निघताना गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून परत येणारी, कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारी आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा ओढायला येणारी. अशा बाईच्या हातात लोकांच्या डोक्याला लावायचं यंत्र देऊ नये, असं माझ्या नवऱ्याचं स्पष्ट मत होतं. आमचे डॉक्टर उलटं म्हणायचे. हे यंत्र घाबरणाऱ्या माणसाकडेच असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. मी निवृत्त झाले तरी या वादाचा निकाल लागलेला नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. पहिली काही वर्षं अकोल्यात आणि मग सगळी नोकरी अमरावतीत. फिजिओथेरपी म्हणजे काय, हे आमच्या कॉलनीतल्या बायकांना अजून कळलेलं नाही. त्या मला मालिशवाली समजतात आणि हळदीकुंकवाला गेले की वाणाच्या आधी गुडघा पुढे करतात. माझं खरं काम लकव्याच्या पेशंटचं. हात लुळा पडलेल्या माणसाला पुन्हा घास तोंडाशी नेता यावा, शर्टाची गुंडी लावता यावी, एवढ्यासाठी महिनोन्‌महिने एकच हालचाल करून घ्यायची. कंटाळवाणं काम आहे. मला ते आवडायचं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या पुनर्वसन केंद्रात ते चुंबकाचं यंत्र आलं. सांगायला सोपं आहे. उजव्या हाताचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला असतो. लकव्यात तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि त्या भागातलं काम बंद पडतं, पण सगळंच मरत नाही. काही भाग नुसता सुस्त पडून राहतो. त्याला जागं करायचं. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक चपटी गुंडाळी असते, ती डोक्यावर टेकवायची आणि बटण दाबायचं. टक्‌ असा आवाज होतो, कोणी टिचकी मारल्यासारखं वाटतं. चुंबकाची लहर कवटीतून आत जाते. भूल नाही, चिरफाड नाही, आणि लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात तेही नाही. नेमकी जागा सापडली की लुळ्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. माणूस आपल्याच अंगठ्याकडे डोळे फाडून बघत राहतो. मग त्या जागेवर ठरलेल्या जोराची टकटक रोज थोडा वेळ द्यायची आणि लगेच व्यायाम करून घ्यायचा. व्यायाम नसेल तर टकटकीला अर्थ नाही. एवढं करून काहींना छान फायदा होतो, काहींना काडीचा होत नाही, आणि कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकाला सांगायची आणि ते कोणीच ऐकायचं नाही.

गिऱ्हाइकं एकेक. धारणीकडून जीप आणि मग एसटी असं करत आलेले एक म्हातारेबुवा टकटक सुरू झाली की दरवेळी दाराकडे बघून म्हणायचे, “या ना, या!” कोणीतरी दार वाजवतंय, असं त्यांना वाटायचं. एका व्यापाऱ्यानं स्वतःचा हात सुधारल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, “मॅडम, हे मशीन आमच्या घरच्यांले लावता येते का? डोकं लय गरम राह्यते तिचं.” मी म्हटलं, आधी त्यांना विचारा. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

हसायचे प्रसंग असे होते, पण त्या खोलीत मी सतत धास्तावलेली असायची. कारण या उपचारात एक भीती खरी आहे. क्वचित, अगदी क्वचित, पण टकटकीनं फिट येऊ शकते. ज्याला आधी कधी फिट आलेली आहे किंवा ज्याची झोप झालेली नाही, त्याला धोका जास्त. म्हणून सुरुवातीला खोदून खोदून विचारायचं. डोक्यात धातूची क्लिप बसवली आहे का, छातीत मशीन आहे का, दारू किती, झोप किती, आणि कधी फिट आली होती का.

बाकीच्या प्रश्नांना आमचे वऱ्हाडी लोक मोकळेपणानं उत्तर देतात. दारूचा हिशेब बायकोच्या देखत देतात. फिटचं विचारलं की मात्र सगळं घर एका सुरात ‘नाई’ म्हणतं. त्याचं कारण सोयरीक. आमच्याकडे सोयरीक जुळवायची म्हणजे आधी चौकशी. न्हाव्याकडे, किराणावाल्याकडे, दवाखान्यातल्या माणसाकडे कोणीतरी सहज गेल्यासारखं जाऊन येतं. त्या घरात मिरगी आहे एवढं कळलं की पुढची बैठकच होत नाही. मग ती कोणाला का असेना आणि कशानं का असेना.

नामदेवराव वरुडकडचे. संत्र्याच्या कलमांची नर्सरी. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. जंबेरी या जंगली लिंबाच्या रोपाच्या सालीला एक चीर द्यायची, त्यात चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची. पट्टी गुंडाळून होईपर्यंत तो डोळा अंगठ्यानं दाबून धरावा लागतो. जास्त दाबला तर चेंगरतो, कमी दाबला तर सुकतो. नामदेवरावांनी बांधलेलं कलम लागतंच, असं लांबलांबचे लोक म्हणायचे. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला तेव्हा घरात या अंगठ्याबद्दलच बोललं गेलं असावं, कारण पहिल्या दिवशी ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “मॅडम, बाकी हात राहू द्या. मले हा अंगठा तेवढा द्या.”

ते उन्हाळ्याचे दिवस होते. सोबत बायको, शोभाताई. कमी बोलणारी, हातात कायम कापडी पिशवी. यंत्राच्या खोलीबाहेर आम्ही एक ट्रे ठेवायचो. किल्ल्या, मोबाईल, गळ्यातली साखळी त्यात काढून ठेवायची. उन्हाळ्यात त्या ट्रेमध्ये कांदेही यायचे. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात, आणि खिसे रिकामे करा म्हटलं की लोक तोही काढून ठेवायचे. शोभाताईंचाही असायचा.

नामदेवरावांना उपचार लागू पडला. आधी अंगठा फक्त टकटकीला उडायचा, मग त्यांच्या मनानं थोडा वळायला लागला, आणि शेवटी शेवटी तर्जनीला टेकायला लागला. कागदाची घडी धरायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी चेहरा कोरा ठेवायची, कारण आनंद दाखवला की पेशंट व्यायाम सोडतो. डॉक्टर म्हणाले, आता घरी व्यायाम करा, काही महिन्यांनी आणखी एकदा उपचार देऊ. थंडीत कलमांचे डोळे बांधायचा हंगाम असतो, त्याच्या तोंडावर यायचं ठरलं.

आले ते मार्गशीर्षात. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. मी पुन्हा सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले. फिट? “नाई जी,” शोभाताई म्हणाल्या. “काहीच नाई,” नामदेवराव म्हणाले. लेकीचं, वर्षाचं लग्न जमलं होतं, तेही सांगितलं. सोयरे अकोल्याचे, मुलाचं दुकान. सगळं चांगलं चाललेलं दिसत होतं. अशा वेळी मला उगाचच धाकधूक होते, पण ती मला सोमवारीही होते आणि शुक्रवारीही होते, म्हणून तिकडे मी लक्ष दिलं नाही.

काही दिवस नीट गेले. मग एका सकाळी नामदेवरावांचे डोळे जरा तारवटलेले दिसले. मी विचारलं, “रात्री झोप झाली ना?”

“मस्त झाली.”

मी गुंडाळी डोक्यावर टेकवली. शोभाताई रोज भिंतीजवळ बसायच्या, त्या दिवशी स्टूल ओढून त्यांच्या डोक्याशी येऊन बसल्या होत्या. बटणावर बोट ठेवलं आणि मला वास आला. त्या बंद खोलीत कांद्याचा वास. फोडलेल्या ओल्या कांद्याचा, डोळ्यांत जाणारा.

उन्हासाठी जो कांदा ठेवतात तो अख्खा असतो. बाहेर तर लोक शेकोट्या करत होते. बुक्की मारून फोडलेला कांदा पदरात घेऊन माणसाच्या नाकाशी बसायचं एकच कारण आमच्या भागात असतं. फिट आलेल्या माणसाला कांदा हुंगवतात. कांदा नसला तर चप्पल.

माझं बोट बटणावरून निघेना. म्हणजे दाबलंही जाईना आणि उचललंही जाईना. मग मी गुंडाळी बाजूला घेतली आणि यंत्र बंद केलं.

“काऊन थांबल्या?” नामदेवरावांनी विचारलं.

मी शोभाताईंकडे बघून म्हटलं, “ताई, कांदा कशाला फोडला?”

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नामदेवरावांनी डोळे वटारले. आणि ती कमी बोलणारी बाई घळाघळा रडायला लागली. “रातभर डोळ्याले डोळा नाई लागला जी यायचा. लग्नाचे पाव्हणे होते घरी. सकाळपासून तोंडाचा कोपरा फडफडून राह्यला. दोनदा आली फिट. एकदा दिवाळीच्या आंधी, एकदा मंग. आज मले लय भेव वाटलं.”

म्हणजे आधीचे सगळे दिवस मी त्या माणसाच्या डोक्यावर टकटक करत होते.

नामदेवराव चिडून म्हणाले, “त्याले काय होते? इतले दिवस केलं, काई झालं का? थोडेच दिवस राह्यले. तेवढे करून टाका. मंग सांगा ज्याले सांगायचं त्याले.”

“डॉक्टरांना आत्ता सांगावं लागेल, भाऊ.”

“अन् बाहेर जे बसले थे? वरुडचे दोन जण रोज दिसते मले तठी. आज सांगतलं तं संध्याकाळी गावात, सकाळी अकोल्यात. पोट्टीची सोयरीक मोडली तं तुमी करसान का तिचं लग्न?”

लकव्यानंतर काही महिन्यांनी अशा फिट येऊ शकतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मेंदूत जिथे जखम झाली तिथूनच त्या येतात. हा खानदानी रोग नाही, पोरीला होणार नाही, औषधानं बहुतेकांच्या आटोक्यात राहतात. आणि औषधाविना हातात कलमाचा चाकू असताना आली, विहिरीच्या काठावर असताना आली, तर काय करायचं? ते ऐकत होते की नाही कोण जाणे. अंगठा तर्जनीला टेकवून बसले होते.

डॉक्टर आले, तपासलं, चुंबकाचे उपचार थांबवले आणि फिटचं औषध सुरू केलं. पुढे कधी करता येईल का, तर बघू, आत्ता सांगता येणार नाही, असं म्हणाले. नामदेवराव मफलर गुंडाळत उठले. दाराशी थांबून मला म्हणाले, “तुमाले वाट्टे तुमी मले वाचोलं. माहा अंगठा नेला तुमी.”

व्यायामालाही ते पुन्हा आले नाहीत.

त्यानंतर मला एकच भीती लागून राहिली. हा माणूस नागपूरला किंवा कुठेतरी जाणार, तिथे हीच टकटक घेणार, आणि ‘फिट कधी आली होती का’ या प्रश्नाला पुन्हा दोघंही ‘नाई’ म्हणणार. तिथे कांद्याचा वास कोणाला कळला नाही तर? व्यायाम चालू आहेत का हे विचारायच्या निमित्तानं मी शोभाताईंना फोन लावायची. आवाज दबका करून त्या सांगायच्या, “घेते गोळ्या. डब्बीवरचं नाव मी खरडून टाकलं. कोणी इचारलं तं बीपीच्या म्हणतो.” हंगाम सुरू झाला होता. नामदेवराव नर्सरीत जाऊन बसत होते, डोळे डाव्या अंगठ्यानं दाबून बघत होते. “लागून नाई राह्यले,” एवढं सांगून शोभाताईंनी फोन ठेवला.

मी बरोबर केलं, यात मला शंका नव्हती. पण बरोबर करूनही माणसाचा हंगाम बुडतो आणि ते आपल्याला बघत बसावं लागतं. तो अंगठा आणखी थोडा आला असता, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

लग्नाला थोडे दिवस राहिले असतील. दुपारी मी पेशंट संपवून डबा खात होते, तर एक तरुण मुलगा दारात आला. गाडीवर तोंडाला गुंडाळायचा दुपट्टा गळ्यात, हातात हेल्मेट. म्हणाला, “मॅडम, मी अकोल्याहून आलो. जठारपेठेत दुकान हाय माह्यं.” आणि त्यानं वरुडच्या त्या नर्सरीचं नाव घेतलं.

हातातला घास मी डब्यात ठेवून दिला. चौकशी आली. दवाखान्यातल्या माणसाकडे सहज गेल्यासारखं जाऊन यायचं ते हेच.

“मी एका पेशंटचं दुसऱ्याशी बोलत नाही,” मी म्हटलं. आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा कडक निघाला.

“बरोबर हाय. पण मले माहीत हाय, मॅडम. वर्षानं सोताच सांगतलं.”

असं बोलून माणसाला बोलतं करायची रीत मला ठाऊक आहे. ‘आम्हाला सगळं माहीत आहे’ म्हणत येतात आणि आपण मान हलवली की तेवढंच घेऊन जातात. मी मानही हलवली नाही. मग खिशातून फोन काढून त्यानं नंबर लावला आणि माझ्या पुढे धरला.

“मॅडम, मी वर्षा. नामदेवरावांची पोरगी.” आवाज मुलीचा होता. “मी सांगतलं त्याले. आईनं सांगू नको म्हटलं होतं, पण मी सांगतलं. थो काय इचारते थे सांगून द्या. बाबाले माहीत नाई थो तिकडं आला म्हणून.”

मी फोन परत दिला. आता हा विचारणार, मुलाबाळांना होते का. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण उत्तर खरं असलं म्हणून सोयरीक टिकतेच असं नाही, हेही मी पाहिलेलं होतं. मी खुर्चीकडे बोट दाखवलं. तो बसला नाही.

“मांडवात डीजे राहीन, गर्दी राहीन,” तो म्हणाला. मामाजी म्हणजे त्याचे होणारे सासरे, नामदेवराव. “मामाजीची रातभर झोप होणार नाई. तठी फिट आली तं आमच्या घरचे सगळे जोडा घेऊन धावतीन. कोणी तोंडात चमचा घालन. माह्या मामेभावाचा दात तोडला होता असाच. तं धरायचं कसं थे मले शिकवा.”

मी डब्याला झाकण लावलं. मग मी उठून व्यायामाची गादी खाली अंथरली आणि मीच तिच्यावर आडवी झाले. साठीच्या आसपासची बाई ॲप्रनसकट जमिनीवर पडलेली बघून दारातली नर्स थबकली. मी तिला जा म्हणून हात केला.

“बघ. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही घालायचं नाही, पाणी नाही, चमचा नाही, दातखीळ बसली तर बसू दे. डोक्याखाली काहीतरी मऊ सारायचं. घड्याळ बघायचं. पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही, तर सरळ गाडीत घालून दवाखाना. झटके थांबले की एका कुशीवर वळवायचं, लाळ बाहेर येऊ दे. चल, वळव मला.”

त्यानं बोटांच्या टोकांनी माझ्या खांद्याला हात लावला.

“लाजतोस काय? मामाजी माझ्या दीडपट आहेत. जोर लाव.”

मग त्यानं नीट खांदा आणि कंबर धरली आणि वळवलं. पुन्हा एकदा करायला लावलं. तिसऱ्या खेपेला छान जमलं. वरचा गुडघा वाकवायचा तेही लक्षात राहिलं त्याच्या. मी कुशीवर तशीच पडून होते, तर तो माझ्यापाशी उकिडवा बसून म्हणाला, “अन् शुद्धीवर आल्यावर?”

“थोडा वेळ गोंधळलेले असतात. बोलू नका फार. जवळ बसायचं.”

“थे नाई म्हणत मी. कधी कधी कपडे ओले होते म्हणते वर्षा. सगळे सोयरे पाहून राहतीन. मामाजीले समजन का सगळ्यायनं पाह्यलं म्हणून. तवा काय करायचं?”

एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी शिकवलंही नव्हतं.

त्यानं गळ्यातला दुपट्टा काढला, उभा राहिला आणि दोन्ही हातांनी तो माझ्या आणि दाराच्या मध्ये उलगडून धरला.

“असा धरला तं चालन का?”

“चालेल,” मी म्हटलं. बाहेर नर्स कोणाशी तरी बोलत होती, पण दुपट्ट्याआड ती मला दिसली नाही.